गॅबर ऐकून माणूस हिंसक होतो?

'असलं म्युझिक ऐकून डोकं फिरतं, पोरं हिंसक होतात' असं गॅबर या सुसाट इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकबद्दल कुणीतरी लिहिलंय, मला ते अर्धंच पटलं. १९९० च्या आसपास नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधे जे गॅबर सुरू झालं त्यात टीआर-९०९ या ड्रम मशीनचा किक ड्रम इतका डिस्टॉर्ट करतात, म्हणजे मुद्दाम फाटका करतात, की ठोका ठोका राहतच नाही, गुरगुरतो, वर मिनिटाला १६०-१८० बीट्स. किंकाळी किंवा सायरनमधे आवाज असाच भराभर थरथरतो, सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा, आणि मेंदूतला अमिग्डला त्याला धोका समजतो, म्हणजे घरी हेडफोनवर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चीड येणारच हो. पण क्लबमधे प्रकरण वेगळं. आतल्या कानात तोल सांभाळणारा सॅक्यूल असतो तो ९० डेसिबलच्या वरच्या दणदणीत बेसलाही जागा होतो, त्यामुळे झोपाळ्यावर बसल्यासारखी मजा येत असावी असा एक तर्क आहे, आणि ते मला पटतं कारण तिथली पोरं मारामारी नाही करत, घाम निथळेपर्यंत हाकन हा गॅबरचा खास नाच नाचतात, पाय नुसते सटासट! काळजी कानांची करा. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. इअरप्लग घाला, बेस तरीही छातीत बसतोच.