एम १३ चा गाभा फोटोत पांढरा गोळा का होतो? मदत हवी आहे

शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ माझा सगळ्यात लाडका. आठ इंची डॉबसोनियनमधून (साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण) १५० पट मोठा करून पाहिला आणि नजर जराशी तिरकी ठेवली, की आधी कडेचे तारे सुटे होतात, मग पार गाभ्यापर्यंत बारीक ठिणग्या लुकलुकायला लागतात. वीस हजारांहून जास्त प्रकाशवर्षांवरचे लाखो तारे आहेत ते! दर वेळी अंगावर काटा येतो. हेच दृश्य फोटोत हवंय आणि तिथेच अडलोय.

फोटोसाठी ८० मिमीची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण (फोकल लेंथ ४८० मिमी), ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकिंग माउंट, डीएसएलआर कॅमेरा. आयएसओ १६००, दोन मिनिटांच्या ३० फ्रेम स्टॅक केल्या (एकत्र करून एक फोटो बनवला). फोकस बाहतिनोव मास्क (अचूक फोकससाठी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची चकती) लावून केला होता. कडा सुरेख आल्यात, पण मधे नुसता पांढरा गोळा. स्ट्रेच (सॉफ्टवेअरमध्ये अंधुक भाग उजळवणं) कमी केला तर गोळा राखाडी होतो, तारे काही वेगळे होत नाहीत. त्याच रात्री, त्याच सेटिंगवर ज्येष्ठा ताऱ्याजवळचा एम ४ हा गोलाकार गुच्छ मात्र मध्यापर्यंत सुटा आला! एक्सपोजर कमी करू, की मोठी दुर्बीण लागेल?

प्रतिसाद:
आधी एक्सपोजर. राखाडी गोळा म्हणजे तिथले पिक्सेल काठोकाठ भरलेत, आणखी प्रकाश नोंदवूच शकत नाहीत. अशा कितीही फ्रेम स्टॅक केल्या तरी त्यातून तारे परत मिळत नाहीत. आयएसओ ८०० वर १५ सेकंदांच्या शंभरेक फ्रेम घ्या. दोन मिनिटांच्या फ्रेम टाकू नका, कडांसाठी त्याच वापरा आणि गाभा मात्र सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) नव्या स्टॅकमधून घ्या.

एम ४ मुळातच विरळ आहे. गोलाकार गुच्छांच्या दाटपणाच्या शॅपली-सॉयर वर्गवारीत १ म्हणजे सर्वांत दाट, १२ म्हणजे सर्वांत विरळ. एम १३ पाचव्या वर्गात, एम ४ नवव्या. शिवाय एम ४ कितीतरी जवळ आहे.

एक मर्यादा मात्र राहील. ८० मिमीची भेदक्षमता (दोन तारे सुटे दिसायला लागणारं किमान अंतर) साधारण दीड आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद), आठ इंचीची ०.६ च्या आसपास. त्यामुळे अगदी मधले तारे थोडे चिकटलेलेच येतील. गुच्छ डोक्यावर असतानाच फोटो काढा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! आत्ताच एक सुटी रॉ फ्रेम उघडून पाहिली, मधले पिक्सेल खरंच भरलेत. आकाश मोकळं मिळालं की १५ सेकंदांच्या फ्रेम घेऊन इथेच टाकतो.