संरक्षणाची आयटी रचना कोणाच्या हाती द्यायची?

वरणगावचे नाना
काल अमळनेरच्या पोराने इथे लिहिलं, "सैन्य आणि ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांची सगळी आयटी रचना, म्हणजे कॉम्प्युटर सिस्टीमचा आराखडा, बाहेरच्या आर्किटेक्टकडे (असा आराखडा आखणाऱ्याकडे) द्या, आतल्यांना रजिस्टर सुटत नाही." वाचून रात्रभर डोक्यात तेच. मी एका संरक्षण कारखान्याच्या स्टोअरला जन्म काढला. एकदा कॉम्प्युटर म्हणे, वॉशर शून्य. नवा इंडेंट (मागणीपत्र) निघाला. मी रॅकपाशी जाऊन बिन कार्ड (रॅकवरचं शिलकीचं हाती लिहिलेलं कार्ड) पाहिलं, तर चार पेट्या शिल्लक! एकाच मालाला दोन कोड पडलेले, 'वॉशर प्लेन' आणि 'प्लेन वॉशर'. सिस्टीम बसवणाऱ्या साहेबांनी गोदामात एकदा पाय ठेवला असता, तर हे घडलं नसतं. नाटो या लष्करी गटाच्या पद्धतीत प्रत्येक वस्तूला एकच 13 आकडी नंबर असतो. पहिले 4 वर्गाचे, पुढचे 2 देशाचे, बाकी त्या वस्तूचे. असे नंबर लावायचं काम घाण, वेळखाऊ. पण रचना इथूनच उभी राहते.

अमळनेरकर
नाना, दोन कोड पडले कारण दोन सेक्शन एकमेकांशी बोलत नव्हते. आतला माणूस त्यांना एकत्र बसवू शकला का? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2003 मध्ये डॉडॅफ ही आराखडा मांडायची ठरावीक पद्धत आणली. कोणाकडून कोणाला काय माहिती जाते, ते सगळ्यांनी एकाच पद्धतीने मांडायचं. अशी सक्ती वरून आणि बाहेरून आल्याशिवाय होत नाही.

वरणगावचे नाना
अमेरिकेचंच घे. एफ-35 विमानाच्या देखभालीची अलिस सिस्टीम एवढ्या मोठ्या कंपनीने बनवली. सुट्या भागांच्या नोंदी चुकायच्या, मेकॅनिक स्वतःचे वेगळे तक्ते ठेवायचे. जानेवारी 2020 मध्ये ती बदलून ओडिन ही नवी सिस्टीम आणायचं जाहीर करावं लागलं.

भुसावळची लेक
तुम्ही कोडवर भांडताय, खरा घोळ 1 ऑक्टोबर 2021 चा आहे. सगळे कारखाने चालवणारा ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडला, 41 कारखान्यांच्या 7 सरकारी कंपन्या केल्या. वरणगावचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात, भुसावळचा नागपूरच्या यंत्र इंडियात. वडील इथे, काका तिथे, एकाच ताटात जेवणारी माणसं. आता एक रचना करायची तर दोन संचालक मंडळांना विचारा! आणि तेव्हा संपाचं बोललं की संपबंदीचा 2021 चा कायदा दाखवायचे.

अमळनेरकर
ताई, हा विषय नाही. बोर्ड असतानाही एकवाक्यता नव्हती.

भुसावळची लेक
विषय कसा नाही? मालक सात झाले की सिस्टीमचा आराखडा कोणाच्या सहीने चालणार? तुझ्या आर्किटेक्टला कोण विचारतो! आमच्या वडिलांनी बदलीच्या धास्तीत दोन वर्षं काढली. तू तेव्हा कुठे होतास, भो?

अमळनेरकर
माझ्यावर घसरू नका. माझा मामाही फॅक्टरीतच होता.

धुळ्याचा, सध्या बंगळूर
नेटवर्क सुरक्षेचं काम करतो, म्हणून सांगतो. बाहेरून आलेले मोठमोठे लोक पहिल्या बैठकीत विचारतात, "क्लाउडवर (इंटरनेटवरच्या सर्व्हरवर) का नाही?" आणि 2010 साली उघड झालेला स्टक्सनेट हा व्हायरस तर इंटरनेट नसलेल्या इराणी यंत्रणेत पेन ड्राइव्हवरून शिरल्याचं मानतात. म्हणजे नुसतं नेट तोडलं म्हणजे सुटलो, असंही होत नाही. प्रत्येक पेन ड्राइव्ह, प्रत्येक ठेकेदाराचा लॅपटॉप मोजावा लागतो. ते मोजायला नानांसारखा माणूस लागतो. पण नाना, "आमच्या सेक्शनचं आम्हीच बघू" हेही मी आतल्यांच्याच तोंडून ऐकलंय.

वरणगावचे नाना
ते खरं आहे. मीही तसं बोललोय. पण म्हणून चावी बाहेरच्याला देऊ नका.

अमळनेरकर
ठीक. गोदामात सहा महिने काढल्याशिवाय आर्किटेक्टला सही करता येणार नाही, एवढं मान्य. पण सही त्याचीच. सेक्शनवाल्यांची नाही.

भुसावळची लेक
आणि सात मालकांचं काय?