मोठ्या रुग्णालयाआधी दारात येणारं माणूस हवं

क्षयाचे मृत्यू थांबवायचे तर वस्तीत मोठं रुग्णालय हवं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. 2023 मध्ये जगभरात या आजाराने सुमारे साडेबारा लाख माणसं गेली, आणि औषधं तर कित्येक दशकांपासून आहेत. निदानाला उशीर होतो, नाहीतर गोळ्या मध्येच सुटतात.

माझ्या मामांचंच सांगते. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागायला लागली, आणि त्यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या. उरलेली पाकिटं उशीखाली सापडली तोवर आजार उलटला होता. साधा कोर्सही साधारण 6 महिन्यांचा असतो, बरं वाटलं म्हणजे जंतू मेले असं नाही, हे त्यांना कुणी समोर बसून सांगितलंच नव्हतं. म्हणून मला दारात येऊन विचारपूस करणारी आरोग्यसेविका फार मोलाची वाटते.

शिवाय घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायलाच हवी, 5 वर्षांखालच्या मुलांची तर आधी. त्यांना प्रतिबंधक औषध देता येतं, हे किती आईबापांना माहीत असतं? खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की थुंकी तपासून घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. रुग्णाचं ताट मात्र वेगळं करू नका. हा आजार हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही.