प्रतिसाद: आर्क्टिकसचा पसारा

'बाथिपॉलिपस आर्क्टिकस ध्रुवीय समुद्रापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने पार दक्षिणेपर्यंत सापडतो' असं या खोल समुद्रातल्या ऑक्टोपसबद्दल, ज्याला हा प्रतिसाद आहे त्या लेखनात म्हटलंय. बऱ्याच संदर्भग्रंथांत तसंच आहे, पण ते सगळं 2002 च्या आधीचं. त्या वर्षी बेंट मूस या डॅनिश अभ्यासकाने उत्तर अटलांटिकमधला हा गोंधळ उपसला आणि एका नावाखाली किमान तीन वेगळे प्राणी कोंबलेले निघाले. खरा आर्क्टिकस थंडगार ध्रुवीय पाण्याचा रहिवासी. दक्षिणेकडे उतरणारा तो बहुतांशी बेर्डी नावाची दुसरी जात; अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ व्हेरिलने 1873 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, पण पुढे तो आर्क्टिकसमध्येच धरला गेला. तिसऱ्याला मूसने पग्निजर हे नवं नाव दिलं.

ओळख मुख्यतः नरावरून पटते. त्याच्या उजव्या तिसऱ्या बाहूच्या टोकाला चमच्यासारखा अवयव असतो, त्याचा आकार आणि त्यावरच्या आडव्या पट्ट्या बघायच्या. हातात नुसती मादी असेल तर काम अवघड, आणि संग्रहालयांतल्या जुन्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तर आंधळा विश्वास नकोच.

याच कारणाने, अंडी उबवायला 400 हून जास्त दिवस लागतात हा आकडाही जपून वापरावा. तो 1998 मध्ये आर्क्टिकसच्या नावाने छापला गेला, पण ते प्राणी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडचे होते, म्हणजे आताच्या वर्गीकरणाने बेर्डी. आकडा खोटा नाही, फक्त भलत्याच्या खात्यावर जमा झालाय.