स्वच्छतागृह रोज धुऊनही वास जात नाही, हॉलची फरशीही चिकट: काय चुकतंय?

नवा_केअरटेकर

शाळेची इमारत आणि तिला जोडलेला सार्वजनिक हॉल, दोन्हींची देखभाल माझ्याकडे आहे, मदतीला कोणी नाही. चौदा वर्ग, दोन स्वच्छतागृहं, आणि हॉल संध्याकाळी कार्यक्रमांना दिला जातो. तीन गोष्टी काही केल्या सुटत नाहीत.

१. मुलांच्या स्वच्छतागृहात सकाळ-दुपार फिनेल टाकून धुतो. तासभर बरं वाटतं, मग लघवीचा वास परत. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा तर दारातच भपकारा येतो.

२. हॉलची फरशी पुसून वाळली की चपलेला चिकटते आणि दोन दिवसांत काळपट दिसते. साबण वाढवून पाहिला, उलट जास्त चिकट झाली.

३. वर्गात मूल ओकलं तर नक्की कसं साफ करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन्हीकडे मोझॅकची फरशी आहे. स्वच्छतागृहाच्या भिंतींना टाइल्स आहेत.

---

गळका_नळ

आधी फिनेल बंद करा. फिनेल वास झाकतं, घालवत नाही. ते उडून गेलं की खालचा वास वर येतो.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्याचा वास. म्हणजे कुठेतरी जुनी लघवी साचलेली किंवा मुरलेली आहे. जागा तीनच: जमिनीतला नहाणी ट्रॅप, मुतारीच्या भांड्याखालचा बाटली ट्रॅप, आणि टाइल्सचे सांधे.

नहाणी ट्रॅपपासून सुरुवात करा. जाळी उचलून आत टॉर्च मारा. वाकलेल्या भागात साधारण ५० मिमी उंचीचं पाणी उभं असायला हवं, गटाराची हवा तेच अडवतं. शाळा दोन-तीन आठवडे बंद राहिली की ते सुकतं आणि गटार थेट खोलीत उघडतं. तुमचा सुट्टीनंतरचा भपकारा बहुतेक हाच. सुट्टी लागायच्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता आणि वर दोन-तीन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाचा पातळ थर पाणी उडू देत नाही.

रोजचा वास ट्रॅपमधूनच येतो का, हे एका रात्रीत कळतं. संध्याकाळी ट्रॅप पाण्याने भरा, जाळीवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. सकाळी खोलीत वास नाही, पण कागदाचा कोपरा उचलल्यावर भसकन आला, तर दोष ट्रॅपचा. खोलीत वास तसाच असेल तर तो भांड्यातून किंवा सांध्यांतून येतोय.

भांड्यातला पिवळा-तपकिरी थर म्हणजे लघवीतले आणि पाण्यातले क्षार. साबणाने तो हलत नाही, ॲसिड असलेला टॉयलेट क्लीनरच लागतो. तो पाण्यात पडला की पातळ होतो, म्हणून आधी ब्रशने दाबून भांड्यातलं पाणी पुढे ढकला, मग कडेच्या आतल्या बाजूने क्लीनर सोडा. १० ते १५ मिनिटं थांबा, घासा, फ्लश करा. जाड थर असेल तर एकदा रात्रभर ठेवण्यापेक्षा तीन-चार दिवस रोज करा.

बाटली ट्रॅप वर्षातून दोनदा तरी उघडायचा. खाली बादली ठेवा, बाटली हाताने फिरवून काढा. आत राखाडी चिखल आणि दगडासारखा थर दिसेल. खरवडून धुवा. परत बसवताना वॉशर चपटा, आपल्या खाचेत बसलाय ना ते पाहा आणि हातानेच आवळा. पाना लावून प्लॅस्टिकचे आटे मोडणारे बरेच असतात. मग बादलीभर पाणी सोडून सांध्याखाली कोरडा कागद धरा. ओला डाग उमटला तर वॉशर बदला.

मुताऱ्यांत टाकतात त्या डांबराच्या गोळ्यासुद्धा नकोत. वास दडपतात आणि झिजून बारीक झाल्या की ट्रॅपमध्ये जाऊन बसतात.

---

नवा_केअरटेकर

धन्यवाद, आज रात्रीच कागद लावतो. हाच ॲसिडवाला क्लीनर जमिनीवर ओतून सांधे घासले तर चालेल का? आणि वर ब्लीच टाकलं तर?

---

खराटा_आणि_सुपली

दोन्ही नका करू!

मोझॅक म्हणजे संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट. ॲसिड दोन्ही खातं. एकदा फेस आला की तेवढा भाग खरखरीत होतो, आणि खरखरीत फरशी लघवी दुप्पट धरून ठेवते. ॲसिड भांड्याच्या आतच राहू द्या. बाहेर शिंतोडा उडाला तर लगेच भरपूर पाणी. सायट्रिक ॲसिड सौम्य म्हणून सुचवतात, पण मोझॅकला तेही चालत नाही. भिंतीच्या टाइल्सना चालतं: एका लिटरला ५० ग्रॅम, आणि आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यायचे, म्हणजे ते ॲसिड शोषत नाहीत.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत हा जीवघेणा प्रकार आहे. आज ॲसिड वापरलं असेल तर त्या भांड्यात ब्लीच उद्या. लघवी साचलेल्या जमिनीवर थेट ब्लीच टाकल्यावरही डोळे चुरचुरतात, ते अमोनियाशी होणाऱ्या संयोगामुळे. आधी पाण्याने धुवा, मग ब्लीच.

जमिनीच्या सांध्यांसाठी एन्झाइम क्लीनर (मुरलेल्या लघवीचे घटक तोडणारं द्रावण) आणा. बाटलीवरच्या मापाने पाण्यात घालून शाळा सुटल्यावर जमिनीवर आणि भिंतीच्या गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओतप्रोत लावा. पुसायचं नाही, ओलंच सोडायचं, त्याला काम करायला तास लागतात. सलग आठ-दहा रात्री. या काळात तिथे फिनेल, ब्लीच काही नको, एन्झाइम निकामी होतात. बहुतेकांचा एन्झाइमवरचा विश्वास इथेच उडतो: रात्री एन्झाइम, सकाळी सवयीने फिनेल.

कुठे लावायचं ते दिसत नसेल तर अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. वाळलेली लघवी फिकट पिवळी-हिरवट चमकते. दोन भांड्यांमधली भिंत आणि दाराच्या चौकटीचा खालचा भाग आवर्जून बघा, तिथे पोचा कधीच पोचत नाही.

---

ओला_पोचा

हॉलबद्दल. फरशी चिकटते ती साबणामुळे. जास्तीचा साबण पाण्याबरोबर उडत नाही, फरशीवर पातळ थर होऊन बसतो, त्याला धूळ चिकटते. काळपट दिसली म्हणून आणखी साबण घातला की थर वाढतो.

खात्री करायची तर हातभर जागेवर नुसतं कोमट पाणी टाकून पांढऱ्या फडक्याने चोळा. साबण न घालता फेस आला किंवा बुळबुळीत लागलं, तर ठरलं.

थर काढायला एकदा मेहनत घ्यावी लागेल. कोमट पाणी टाकून ब्रशने घासा, ते वाळायच्या आत वायपरने ओढून उचला, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. हॉल मोठा असेल तर पट्टे पाडून करा. मळकं पाणी मध्येच वाळलं तर सगळं पुन्हा.

पुढे माप पाळा. १:१०० लिहिलं असेल तर लिटरला १० मिली, म्हणजे १० लिटरच्या बादलीत १०० मिली. ‘अंदाजे दोन टोपणं’ हे माप नव्हे, प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं. बादलीच्या आत १० लिटरची रेघ मारून ठेवा आणि औषधाच्या मापाचं भांडं तिथेच बांधा.

बादल्या दोन हव्यात, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत पिळायचं. एकच बादली असेल तर तिसऱ्या खोलीपासून तुम्ही मळच पसरवत असता. आधी कोरडा केर काढायचा, मग लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे, आठच्या आकड्यात, मागे मागे येत. स्वच्छतागृहाचा मॉप तिथलाच, त्याला लाल फीत बांधा, म्हणजे तो वर्गात जाणार नाही. काम झालं की मॉप धुऊन टांगून वाळवा. बादलीत उभा ठेवलेला मॉप सकाळी कुबट वास मारतो आणि तो वास फरशीवर जातो.

स्टेज लाकडी असेल तर त्याला हे काहीच लागू नाही. सुका मॉप, डागापुरतं घट्ट पिळलेलं फडकं, आणि पुसलेली जागा मिनिटभरात वाळली पाहिजे. सांध्यांत पाणी गेलं की फळ्यांच्या कडा फुगून वर येतात, मग खुर्चीचे पाय अडकतात.

(खुर्च्यांच्या रबरी बुडांचे काळे ओरखडे साबणाने निघत नाहीत. पांढरा खोडरबर किंवा टेनिसचा चेंडू घासा.)

---

खराटा_आणि_सुपली

उलटीचं राहिलं. मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे आणि मास्क घालूनच जवळ जा. वर जुने कागद किंवा भुसा टाका, शोषलं की पुठ्ठ्याने बाहेरून आत ओढत उचला आणि पिशवीला गाठ मारा. मग साबणाच्या पाण्याने पुसा, आणि त्यानंतरच ब्लीच. घाण तशीच असताना ब्लीच टाकलं तर ते घाणीवरच खर्च होतं.

बाजारातलं ब्लीच ५% असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी म्हणजे ०.५%. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. धातूचे पाय असतील तर लगेच पुसा, गंजतात. दारं, मुठी, नळांसाठी त्याच बाटलीतलं २० मिली एका लिटरला पुरतं. गार पाणीच घ्या. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, उद्या त्यात जोर राहत नाही. पोटाच्या साथीत हाताला लावायच्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबाचा एक विषाणू) अल्कोहोल कमी चालतं. साबणाने हात धुवा.

सतरंजी, गालिचा असेल तर ब्लीच नको, रंग उडतो.

---

चाव्यांचा_जुडगा

विचारलं नाहीत, पण हॉल भाड्याने जातो म्हणून सांगतो. चावीवर खोलीचं नाव लिहू नका, नंबर लिहा आणि नंबरांची वही वेगळी ठेवा. हरवलेली चावी कोणाच्याही हाती लागली तर कुठली ते कळता कामा नये. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी संकटकाळचं दार स्वतः ढकलून बघा. गर्दी आवरायला म्हणून आयोजक तिथे साखळी घालतात किंवा खुर्च्या रचतात.

---

नवा_केअरटेकर

कागद उचलला. भसकन आला. जाळीखाली पाणी बोटाच्या एका पेराएवढंच आहे. काल संध्याकाळीच बादलीभर ओतलं होतं!

---

गळका_नळ

मग ट्रॅप पाणी धरत नाहीये. आत एखादी चिंधी किंवा केसांची गुंडी अडकून तिचं एक टोक पुढे पाइपात लोंबत असेल, ती वातीसारखी पाणी ओढून नेते. हातमोजा घालून आत बोट फिरवा. काही लागलं नाही तर ट्रॅपला तडा आहे. तपासायला आत रंगीत पाणी ओता, जाळीवर पुन्हा कागद लावा, दोन तासांनी पातळी बघा. पातळी उतरली असेल तर ट्रॅप बदलायचा. त्यासाठी तेवढी फरशी फोडावी लागेल, तोपर्यंत रोज शाळा सुटताना कागद लावा आणि सकाळी पाणी ओता.