मनाई मोडली की नाही हे ज्युरीने का ठरवू नये?

वाईकडचा:
बांधाच्या केसमध्ये कोर्टाने आमच्या वडिलांविरुद्ध मनाई दिली, बांधाला हात लावायचा नाही म्हणून. जुलैत पाऊस झाला, ओढा फुगला आणि बांध वाहून गेला, आता समोरचे म्हणतात आम्हीच रात्री फोडला, अर्ज टाकलाय. वडील ७२ वर्षांचे, त्यांना झोप नाही. आणि निकाल कोण देणार तर ज्यांचा हुकूम मोडला म्हणतात तेच कोर्ट. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या राज्यघटनेत म्हणे कोर्टाबाहेर मनाई मोडल्याचा आरोप असला तर ज्युरी मिळते, म्हणजे दोषी की नाही हे जज नाही तर साधे नागरिक ठरवतात, आणि ती घटना १९०७ ला लोकांनी मतदानाने मंजूर केलेली. आपल्याकडे का नाही?

मिरज कोर्टातला:
बरोबर वाचलंय. ती चीड संपातून आलेली. १८९४ ला पुलमनच्या रेल्वे संपात कामगार पुढारी युजीन डेब्सने मनाई मोडली म्हणून सहा महिने जेल झाली, ज्युरी बसलीच नाही, आणि १८९५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. मालक मनाई आणायचा आणि कामगार सरळ आत, असं चाललेलं. पुढे १९६८ ला ब्लूम नावाच्या माणसाची केस, बोगस मृत्युपत्र दाखल केलं म्हणून कोर्टाच्या अवमानाखाली २४ महिने जेल, तेव्हा सुप्रीम कोर्ट म्हणालं एवढी शिक्षा असेल तर ज्युरी पाहिजेच.

तासगावचा:
माझं मत वेगळं आहे. १९०८ ला टिळकांवरचा खटला ज्युरीपुढेच चालला ना, नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी, सात विरुद्ध दोनने दोषी ठरवून मंडालेला पाठवलं. गावात ज्युरी बसवली तर अर्धे भावकीतले आणि अर्धे त्यांच्या उपकाराखालचे, तुमच्या वडिलांचं कोण ऐकणार?

वाईकडचा:
भावकीचं पटतंय. पण हायकोर्टात तरी जज बदलून मागता येतो का?

मिरज कोर्टातला:
कोर्टाच्या अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात कलम १४ आहे, हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जजसमोरच अवमान झाला तर दुसऱ्या जजकडे द्या म्हणून अर्ज करता येतो. तुमचं तसं नाही, तुमचं दिवाणीतलं, दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ३९ नियम २अ, त्यात जप्ती किंवा जास्तीत जास्त तीन महिने दिवाणी कैद. पण तिथेही हुकूम मुद्दाम मोडला हे समोरच्यांनाच सिद्ध करावं लागतं. महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदीची नक्कल आजच काढा, आणि खालच्या शेताचा बांधही गेला असेल तर त्या शेतकऱ्याचं ॲफिडेव्हिट घ्या.

वाईकडचा:
गेलाय, त्यांचा तर पूर्ण गेलाय, चिखलात उभा राहिलेला फोटोही आहे त्यांच्याकडे. सकाळीच जातो.