जुनी जावा मोटारसायकल नियतकालिकात छापून आणायची आहे, मार्गदर्शन हवे

वसनाकाठ

मंचावरील सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातून लिहीत आहे. आमच्या घरी आजोबांनी १९६९ साली कोरी घेतलेली जावा २५० आहे. आजोबा विहिरींवरच्या ऑइल इंजिनांचे फिटर होते. सातारा रोड या गावच्या कूपर कारखान्यात उमेदीची काही वर्षे काढल्यानंतर त्यांनी स्वतंत्र व्यवसाय धरला, आणि कोरेगाव व खटाव तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर बंद पडलेली इंजिने चालू करून देण्यासाठी ते याच गाडीवरून जात असत. ते थकल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत बावीस वर्षे उभी राहिली.

गेल्या तीन वर्षांत सवड मिळेल तसे मी तिचे काम केले. क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड बदलला, सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज, म्हणजे थोड्या मोठ्या मापाचा, पिस्टन बसवला, रिमना नव्याने क्रोम करून घेतले, आणि मूळच्याच मरून रंगावर टाकीच्या कडेची सोनेरी रेघ एका वयस्कर पेंटरकडून हाताने ओढून घेतली. गाडी आता दुसऱ्या किकला चालू होते.

जुन्या गाड्यांना वाहिलेल्या एखाद्या नियतकालिकात ही गाडी छापून यावी, अशी आमच्या वडिलांची फार इच्छा आहे. कोणाला लिहावे, काय पाठवावे आणि छायाचित्रे व्यावसायिक छायाचित्रकाराकडूनच काढून घ्यावीत का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. त्याखेरीज मला दोन शंका आहेत. आजोबांनी मागच्या कॅरिअरवर नट आवळायचे पाने आणि इंजिनाची गॅस्केट, नोझल ठेवण्यासाठी एक लोखंडी पेटी कायमची बसवली होती व तिच्यासाठी दोन पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. गाडी कंपनीतून निघाली तशी दिसावी म्हणून मी त्या पट्ट्या कापल्या. पेटी माळ्यावर आहे. हे योग्य झाले का? दुसरी शंका कागदपत्रांची आहे. आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर असून त्याची मुदत कधीच संपली आहे.

दोन सायलेन्सर

अभिनंदन. १९६९ ची गाडी म्हणजे टाकीवर जावाचेच नाव असलेली. म्हैसूरच्या आयडिअल जावा कंपनीने १९६१ पासून या मूळच्या चेक गाड्या बांधल्या आणि सत्तरच्या दशकात येझदी हे नाव लावले, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. पट्ट्या कापल्यात ते माझ्या मते उत्तम केलेत. जाणकार वाचक छायाचित्र पाहतो तेव्हा सर्वांत आधी चुका शोधतो. आपण बोल्ट कोणते वापरले आहेत? चपट्या पेचकसाच्या खाचेच्या स्क्रूंच्या जागी चकचकीत ॲलनचे, म्हणजे षट्कोनी खाचेचे, स्क्रू लावलेली गाडी दहा फुटांवरून ओळखू येते. विद्युत यंत्रणा सहा व्होल्टचीच ठेवली आहे की बारा व्होल्टची केली आहे? टायर ३.२५-१६ मापाचेच आहेत ना? अनेक जण दुकानात मिळतो तो जाड टायर चढवतात आणि मग मागचे मडगार्ड त्यावर टोपी घातल्यासारखे दिसते. या तीन गोष्टी पाठवण्याआधी तपासून घ्याव्यात.

वसनाकाठ

सहा व्होल्टचीच आहे आणि टायरही त्याच मापाचे आहेत. स्क्रूंच्या बाबतीत मात्र आपण मला पकडलेत. क्लचच्या झाकणाला ॲलनचे स्क्रू आहेत, कारण जुन्यांच्या खाचा पूर्ण झिजल्या होत्या.

जुना उपसंपादक

वाहनविषयक मासिकात मी काही वर्षे मजकूर तपासण्याचे काम केले आहे, तेव्हा टेबलाच्या त्या बाजूने सांगतो. स्क्रू बदला, चार पैशांचे काम आहे. मात्र पेटीच्या बाबतीत मी वरच्या सदस्यांशी मुळीच सहमत नाही.

संपादकाकडे चकचकीत जावांच्या छायाचित्रांची वाण नसते. त्याच्याकडे नसतो तो मजकूर. आपण वर लिहिलेल्या पहिल्या परिच्छेदात जे आहे, म्हणजे कूपरच्या कारखान्यातून बाहेर पडलेला एक फिटर, विहिरीवरची बंद इंजिने आणि नोझल ठेवायची पेटी, ते दुसऱ्या कोणत्याही जावाच्या मालकाला सांगता येणार नाही. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा ती इतर हजारो गाड्यांसारखीच होती. ती आपल्या आजोबांची झाली ती त्या पेटीमुळे, आणि आपण नेमकी तीच माळ्यावर टाकलीत! पट्ट्या पुन्हा वेल्ड करण्याची गरज नाही, कारण त्याने नवा रंग जळेल. कॅरिअरला क्लॅम्प लावून पेटी बसवा आणि छायाचित्राखालच्या ओळीत तसे स्पष्ट लिहा. पेटीला नवा रंग मात्र चुकूनही देऊ नका.

आता कोणाला लिहावे याविषयी. आपल्याकडील इंग्रजी वाहन मासिकांची मुख्य जागा नव्या गाड्यांच्या चाचण्यांत जाते. जुन्या गाडीला पान मिळते ते निमित्त असेल तर. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो, आणि ते चांगले निमित्त आहे. परंतु मासिकाचा अंक दोन-तीन महिने आधी आखला जातो, त्यामुळे जूनमध्ये पाठवलेला मजकूर जुलैच्या कामाचा नसतो; मार्च-एप्रिलमध्येच पत्र जायला हवे. इंग्लंडमध्ये केवळ जुन्या मोटारसायकलींवर चालणारी मासिके आहेत, उदाहरणार्थ ‘रिअल क्लासिक’, आणि त्यांत वाचकांनी स्वतः लिहिलेले लेखही येतात. चेक बनावटीच्या जावा तिकडेही विकल्या जात असल्याने गाडीची ओळख करून देत बसावे लागत नाही. उलट म्हैसूरला बांधलेली जावा साताऱ्याच्या खेड्यात काय करत होती, हेच त्यांना नवे असते. मराठीत लिहायचे असल्यास दिवाळी अंकाचा विचार अवश्य करा. त्यासाठी पावसाळ्यातच मजकूर हातात द्यावा लागतो.

आधी पूर्ण लेख पाठवू नका. तीनशे शब्दांचे पत्र आणि चार-पाच छायाचित्रे पुरतात. पत्राची सुरुवात जावा कंपनीच्या इतिहासाने करू नये, कारण तो संपादकाला पाठ असतो. जे बदलले ते सरळ सांगा: पिस्टन ओव्हरसाइज आहे, रॉड नवा आहे, क्रोम नवे आहे. लपवलेली गोष्ट पुढच्या अंकातील वाचकांच्या पत्रांत हटकून बाहेर येते. एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवू नका, आणि होकार मिळेपर्यंत छायाचित्रे समाजमाध्यमांवरही टाकू नका. जगाने आधीच पाहिलेली गाडी छापण्यात संपादकाला रस उरत नाही.

छायाचित्रकार व्यावसायिकच हवा असे नाही, पण छपाईचे गणित समजून घ्या. ए-४ आकाराचे पान तीनशे डीपीआयने (एका इंचात तीनशे ठिपके) छापायचे तर छायाचित्र साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे लागते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले छायाचित्र आकसते, म्हणून मूळ फाइलच ईमेलने किंवा ड्राइव्हच्या दुव्याने द्यावी. मोबाइल गाडीच्या अगदी जवळ धरला तर पुढचे चाक अंड्यासारखे दिसते. दहा-बारा पावले मागे जाऊन झूम करावे. सूर्य वर येण्याआधीचा उजेड घ्यावा आणि गडद रंगाचा सदरा घालावा, नाहीतर टाकीच्या क्रोममध्ये आपणच उभे दिसाल. डावी बाजू अवश्य घ्या, कारण जावाचा किक आणि गिअर यांचा एकच लिव्हर त्या बाजूला आहे, आणि तो आत दाबून वर वळवला की किक होतो हे नव्या पिढीतील अनेकांना माहीत नसते.

हरभट रोड

मी सांगलीचा आहे आणि माझा अनुभव थोडा कडू आहे, तो ऐकून ठेवावा.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात माझी बुलेट आठवडाभर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर इंजिनाच्या खालच्या भागातून तेलाऐवजी गाळ निघाला. वर्षभराने गाडी उभी राहिली, तेव्हा मी एका नियतकालिकाला लिहिले. त्यांना विषय आवडला, परंतु त्यांचा पहिला प्रश्न होता की पुरातील आणि उघडलेल्या इंजिनाची छायाचित्रे कोठे आहेत. ती माझ्याकडे नव्हती. घरात छातीइतके पाणी असताना माणूस पोरे आणि धान्य वर चढवील की बुलेटचे छायाचित्र काढील? तरीही काम चालू असतानाची छायाचित्रे मी काढायला हवी होती, एवढे मान्य आहे. वसनाकाठ, आपल्याकडे पडवीतील गाडीचे, उघडलेल्या क्रँकचे, जुन्या पिस्टनचे छायाचित्र असेल तर ते कितीही धूसर असले तरी पाठवा. जुना पिस्टन फेकला नसेल तर तो नव्या गाडीशेजारी ठेवून छायाचित्र काढता येईल.

दुसरी गोष्ट अशी की, पुढे दुसऱ्या एका प्रकाशनाने माझी छायाचित्रे घेतली, दीड वर्ष काही कळवले नाही, आणि मग ती भलत्याच लेखात, माझ्या नावाशिवाय छापली. विचारणा केली तेव्हा तुम्ही अटी लिहून दिल्या नव्हत्या, असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी ईमेलमध्ये एक ओळ घालतो: ही छायाचित्रे केवळ या लेखासाठी, एका वेळच्या वापरासाठी दिली आहेत आणि सहा महिन्यांत निर्णय न कळल्यास ती इतरत्र देण्यास मी मोकळा आहे. छायाचित्रे मित्राने काढली असतील तर त्याचीही लेखी संमती घ्यावी.

यवतेश्वर

कागदपत्रांविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. नियतकालिकाची माणसे आली तर गाडी चालवून पाहिल्याशिवाय राहणार नाहीत, त्यामुळे नोंदणी आणि विमा चालू असणे आवश्यक आहे.

आजोबा हयात नसतील तर प्रथम वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागेल. त्यासाठी आरटीओचा नमुना ३१ हा अर्ज आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ असून खासगी गाडीला पुढे पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. तपासणीच्या वेळी चॅसिस आणि इंजिनावरील क्रमांक आरसी बुकाशी जुळवून पाहतात. म्हणून रंग देताना ते क्रमांक पुटीखाली गेले असतील तर आधी हलक्या हाताने मोकळे करून घ्यावेत.

कोणी तरी आपल्याला व्हिंटेज नोंदणी करण्याचा सल्ला देईल, म्हणून तेही सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज ठरू शकते. नव्या नोंदणीसाठी शुल्क वीस हजार, पुनर्नोंदणीसाठी पाच हजार, आणि मुदत दहा वर्षांची आहे. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्या गाडीवर वडिलांना रविवारी कोरेगावच्या बाजारात जायचे आहे, तिच्यासाठी साधे नूतनीकरणच बरे, असे माझे मत आहे.

छायाचित्रांच्या जागेविषयी एक विनंती. कासच्या पठारावर जाऊ नका. फुलांच्या हंगामात तेथे गर्दी आणि निर्बंध दोन्ही असतात, आणि फुलांत उभ्या केलेल्या गाड्या पाहून आता डोळे थकले आहेत.

हरभट रोड

सांगलीला येणार असाल तर कृष्णेच्या घाटावरून मागे आयर्विन पूल घेता येईल. हा पूल १९२९ चा, आणि प्राग येथे जावा कंपनी सुरू झाली तीही १९२९ सालीच. छायाचित्राखाली लिहायला बरे.

जुना उपसंपादक

योगायोग छान आहे, पण त्या गाडीचा सांगलीशी संबंध काय? शिवाय नव्या पिस्टनवर सव्वाशे किलोमीटर एका दमात जाणे मला धोक्याचे वाटते; टू-स्ट्रोक इंजिन तापून जाम झाले तर केलेले बोअरिंग वाया जाईल. आजोबांनी दुरुस्त केलेले एखादे इंजिन एखाद्या विहिरीवर अजून असेल तर शोधा. चालू नसले तरी चालेल.

दोन सायलेन्सर

पेटीबाबत मी माझे मत मागे घेतो असे नाही. परंतु क्लॅम्पने बसवणार असाल आणि छायाचित्राखाली तसे लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. खाचेचे स्क्रू माझ्याकडे शिल्लक आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवावा, पाठवून देतो.

वसनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पेटी माळ्यावरून खाली काढली. झाकण गंजाने धरले होते. रॉकेल सोडून रात्रभर ठेवल्यावर सकाळी उघडले. आत नट आवळायचे दोन पाने, तांब्याचे काही वायसर, व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टची वाळलेली डबी आणि आजोबांची उधारीची वही निघाली. वहीत गावाचे नाव, शेतकऱ्याचे नाव, कोणत्या इंजिनाचे काय काम केले आणि किती येणे बाकी आहे, हे सर्व तारखेसह लिहिलेले आहे. वडिलांनी ती वाचून काढली आणि त्यातील दोन विहिरी आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले. एका विहिरीवरचे इंजिन शेडमध्ये अजून जागेवर आहे, असे त्या घरच्यांनी फोनवर कळवले आहे. तेथेच छायाचित्रे काढण्याचे ठरवले आहे.

नमुना ३१ साठी सोमवारी साताऱ्याला जात आहे. एक शेवटचा प्रश्न उपसंपादक काकांना: वहीचे पान छापायला द्यायचे झाल्यास त्यातील शेतकऱ्यांची नावे झाकावीत का?

जुना उपसंपादक

नावे आणि बाकी रकमा अवश्य झाकाव्यात. त्यांची नातवंडे त्याच गावांत राहत असतील. तारीख, गाव आणि कामाचा तपशील मात्र उघडा ठेवा. आणि पत्राची सुरुवात या वहीपासून करा, गाडी दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या.